दुसऱ्याच्या ओटीवरचा टीव्ही

माझ्या लहानपणी टीव्ही नव्हता. आमच्या घरी नव्हता एवढंच नव्हे, आमच्या जिल्ह्यातच नव्हता. पहिल्यांदा टीव्ही पाहिला तेव्हा मला मिशा होत्या, नोकरी होती, आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. एवढी साधी गोष्ट मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही. उलट या सहा वर्षांत पुष्कळ लोक मला ओळखू लागले ते लहानपणच्या टीव्हीच्या आठवणी लिहिणारा माणूस म्हणूनच.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. सौदीत, जुबैलमध्ये मुलाकडे राहतो. त्याआधी इथल्याच कारखान्यांत तीसेक वर्षं काढली. आधी फिटर, मग फोरमन, आणि गुडघे गेल्यावर सेफ्टीत. निवृत्त होऊन नाशिकला परतलो, पण बायको गेली आणि मुलाने मला पुन्हा इथेच आणून ठेवलं. मुलगा प्लँटवर जातो, सून शाळेत शिकवते. सकाळी आठनंतर घरात मी आणि एसीचा आवाज. सूनबाईंनी मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलं आणि इंटरनेटवर एक पान काढून दिलं. म्हणाल्या, "बाबा, लिहा काहीतरी. वेळ जाईल."

मी पहिली जी गोष्ट लिहिली ती माझी नव्हती.

ती कुणाची होती हे सांगायचं तर माझं शेवटच्या वर्षांतलं काम सांगावं लागेल. कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या काळात कॉलम उघडतात. कॉलम म्हणजे पाच-सात मजले उंच, उभं पोलादी पिंप. आत जायला माणूस जेमतेम सरकेल एवढं गोल भोक असतं. आत माणसं काम करत असताना त्या भोकाशी बाहेर एकजण बसून असतो. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे तो लिहितो. त्याने जागा सोडायची नाही, स्वतः आत जायचं नाही, आणि आतल्या माणसाशी सारखं बोलत राहायचं. आतली हवा बिघडली तर आतल्याला ते कळत नाही. आधी त्याचं बोलणं जड होतं. आवाज जड झाला किंवा थांबला की बाहेरच्याने शिट्टी मारायची. बाहेरचा तो माणूस मी होतो.

आत होता कोकणातला एक फिटर, माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. तो कामगारांच्या कॅम्पात राहायचा आणि मला काका म्हणायचा. एकाच कॉलममध्ये ट्रे, म्हणजे भोकं असलेल्या पोलादी चकत्या, बसवायचं काम, दिवसपाळी, जवळजवळ महिनाभर. दोन दिवसांत आमचं सगळं बोलून झालं.

"काका, आता काय बोलू?" आतून घुमून आवाज यायचा.

"काहीही बोल. शिव्या दे."

"तुम्हाला देऊ का सुपरवायझरला?"

"आवाज येतोय तोवर कुणालाही दे."

मग त्याने टीव्हीचं काढलं.

त्याच्या गावात एकच टीव्ही होता, मोठ्या घराच्या ओटीवर. त्या घरातली माणसं आणि त्यांचे पाहुणे ओटीवर बसत. याच्या वाडीतल्या लोकांना ओटीवर बसायची मुभा नव्हती. त्यांनी अंगणात बसायचं. याला तर अंगणातही बसायला मिळालं नाही. अँटेना पोफळीच्या एका दांड्याला बांधलेला होता आणि तो दांडा नुसता पुरून भागत नसे. कुणीतरी धरून ठेवला तरच चित्र टिकायचं. पहिल्या रविवारी हा धरायला उभा राहिला, चित्र स्वच्छ आलं, आणि पुढे तीन वर्षं ते काम त्याचंच झालं. घराच्या बगलेला, भिंतीकडे तोंड करून. आवाज ऐकू यायचा, दिसायचं काही नाही.

त्याची आई अंगणाच्या त्या टोकाला, कोपऱ्यावर बसायची. तिला पडदा अर्धा दिसायचा आणि मुलगा पूर्ण दिसायचा. ती त्याला काय चाललंय ते सांगायची. गंमत अशी की तिला हिंदी येत नव्हतं. चित्र बघून तिला वाटेल ते ती सांगायची. एखादा ऋषी शाप द्यायला उठला की म्हणायची, "म्हाताऱ्याक कोणी पाणी विचारल्यान नाय, म्हणान रागावलो तो." दोन बाजूंची सैन्यं समोरासमोर आली की म्हणायची, "शेजारी शेजारी. हद्दीवरून भांडतत."

"आणि मला ते खरंच वाटायचं," तो आतून म्हणाला. "परवा कॅम्पात मोबाइलवर बघितली ती मालिका. काका, ते शेजारी नव्हते हो. चुलतभाऊ होते."

"मग?"

"मग काय. आईचीच बरी होती."

मी बाहेर बसून हसलो. आत त्याचा पाना ट्रेवर आपटायचा थांबला नव्हता. त्या महिन्यात त्याने अशा पंधरा-वीस गोष्टी सांगितल्या. टीव्हीपुढे लावायचा निळा-हिरवा प्लास्टिकचा कागद, ट्रकची बॅटरी आणून लावलेला सामना, बातम्या देणाऱ्या बाईंना रोज नमस्कार करणारे एक आजोबा. प्रत्येक गोष्टीत तो बाहेर, भिंतीकडे तोंड करून.

पानावर लिहायला बसलो तेव्हा मी 'माझा एक मित्र सांगायचा' अशी सुरुवात केली होती. वाक्य मला लंगडं वाटलं. ते खोडून 'मी' लिहिलं. 'मी' लिहिल्यावर पुढचं भराभर आलं. दुसऱ्याच्या अंगणात, तेही वेगळं बसवलेल्या लोकांत, स्वतःला उभं करायला हात धजेना, म्हणून टीव्ही आमच्याच घरी आणला. आई माझी झाली. आणि शेवट मला फार रुक्ष वाटला, म्हणून शेवटच्या रविवारी कुणीतरी त्या मुलाच्या हातातून दांडा घेतं, तो आत येतो आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पूर्ण भाग बघतो, असं लिहिलं.

लोक रडले. दम्माममधला इंजिनिअर, रियाधचा ड्रायव्हर, मस्कतमधल्या एक बाई, साताऱ्याच्या एक शिक्षिका. सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. प्रत्येकाकडे स्वतःचा एक टीव्ही होता. कुणाच्या घरी लाकडी शटर होतं आणि त्याला कुलूप होतं, कुणी पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी आली की अँटेना हलवायला धावायचं. ते माझ्या लिखाणाखाली एकमेकांशी बोलू लागले. त्यांच्यात मैत्र्या झाल्या, एका जोडीचं तर लग्नही जमलं. मला ते 'मित्रा' म्हणायचे. मी माझा फोटो कधी लावला नाही, वय सांगितलं नाही. कुणी विचारलं, "तुझंपण पंचाहत्तरचं मॉडेल ना रे?" की मी हसरा चेहरा टाकायचो.

मुलाने एकदा वाचलं. जेवताना म्हणाला, "बाबा, आजी तर तुमच्या लग्नाआधीच गेली ना? मग ती टीव्ही कधी बघत होती?"

"लिहिताना थोडं इकडेतिकडे होतं," मी म्हणालो.

"थोडं?" तो म्हणाला, आणि त्याने भाजी वाढून घेतली. पुन्हा विचारलं नाही.

वाचकांनी एका शुक्रवारी दम्मामच्या समुद्रकाठच्या बागेत भेटायचं ठरवलं. मी शिफ्टचं कारण सांगून नाही म्हणालो आणि तरी मुलाला घेऊन गेलो. त्याला सांगितलं, चालायला जाऊ. ते सतरंज्या घालून बसले होते, मी शेजारच्या बाकावर. त्यांनी माझी अँटेनाची गोष्ट मोठ्याने वाचली. एका बाईंनी मी मराठी आहे हे ओळखून मला बशीत साबुदाण्याचे वडे आणून दिले. "घ्या ना काका. तुम्हाला पण आठवत असेल ना तेव्हाचं?" मी म्हणालो, आठवतं. वडा गरम होता आणि मी तो तसाच गिळला.

तोपर्यंत तो फिटर सौदीच्या दुसऱ्या टोकाला, यान्बूला गेला होता. आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं होतं. एक दिवस त्याचा फोन आला.

"काका, माझा टीव्ही तुम्ही नेलात." तो हसत होता. कॅम्पातल्या कुणीतरी त्याला पान दाखवलं होतं.

मी काहीतरी बोललो. लिहायच्या ओघात झालं, तुझं नाव घालणारच होतो, असलं.

"राहू दे हो. लिहा. माझ्याकडे पडूनच होतं." मग म्हणाला, "पण काका, मी आत गेलो नव्हतो. कधीच नाही. ते तुम्ही का लिहिलंत?"

"वाचायला बरं वाटतं."

"हां," तो म्हणाला. "कुणाला?"

आता वाटतं, त्याच वेळी सगळं थांबवता आलं असतं. पण तो पुढे इतर गोष्टी बोलला, जेवणाचं, पगार उशिरा होतो त्याचं, आणि मी स्वतःची सुटका करून घेतली. माणसाने एकदा 'राहू दे' म्हटलं की तेवढंच धरून बसायचं, ही माझी जुनी सवय आहे.

त्याची मुलगी त्याच्या गावाजवळच्या तालुक्याला शिकत होती. ती तीन वर्षांची असताना तो इथे आला. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. तिच्यासाठी बाप म्हणजे फोनवरचा आवाज आणि बॅगेतून निघणारी चॉकलेटं. तो मला म्हणायचा, "घरी गेलो की पहिले आठ दिवस ती मला पाहुण्यासारखं वागवते. पाणी विचारते. मग मी एकेक गोष्ट सांगायला लागलो की जवळ येते. तेवढंच आहे हो माझ्याकडे तिला द्यायला."

त्या फोननंतर तो सुट्टीवर गेला तेव्हा त्याने तिला अँटेनाची गोष्ट सांगितली. तिने ती आधीच वाचलेली होती. माझ्या पानाची ती वाचक होती, वर्षभरापासून.

तिचा मला निरोप आला. अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. 'सर, नमस्कार. एक विचारायचं होतं. माझे बाबा तुमची अँटेनाची गोष्ट स्वतःची म्हणून सांगतात. मी त्यांना दाखवलं तर म्हणतात, ही माझीच आहे आणि या काकांना मी ओळखतो, आम्ही जुबैलला बरोबर काम केलंय. खरं आहे का?' खाली तिने त्याचं नाव आणि गाव लिहिलं होतं.

मी निरोप सकाळी वाचला आणि दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे त्याची मुलगी नव्हती, ती सतरंज्यांवर बसलेली माणसं होती. हिने पानावर काही लिहिलं तर त्यांना कळणार की आपला मित्र म्हणजे एक म्हातारा आहे आणि त्याच्याजवळ स्वतःचं काहीच नाही. मी लिहिलं: 'बाळ, त्या काळात सगळ्यांच्या घरी असंच व्हायचं. आठवणी एकमेकींत मिसळतात. बाबांवर रागावू नकोस. जुबैलला मी हजारो लोकांबरोबर काम केलं, प्रत्येकाचं नाव लक्षात नाही.' शेवटी हात जोडल्याचं चित्र.

दुसऱ्या दिवशी तिने पानावर, सगळ्यांसमोर, चेष्टेने लिहिलं: 'माझे बाबा तर सरांच्या गोष्टी स्वतःच्या म्हणून सांगतात.' खाली हसण्याचा पूर आला. एकाने लिहिलं, 'आमचे अण्णा तर मालिकेत काम केलंय असंही सांगतात.' आणखी एकाने लिहिलं, 'बाबांना रॉयल्टी भरायला सांग.' मीही त्याखाली हसरा चेहरा टाकला. पानाचा मालक गप्प राहिला तर विचित्र दिसलं असतं.

चार दिवसांनी त्याचा फोन आला, गावाहून. मागे कोंबड्यांचा आवाज होता.

"काका, पोरीनं तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"तुम्ही नाही ओळखत म्हणालात."

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"ती आता मला हसते," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "काही सांगायला गेलो की म्हणते, बाबा, हेपण त्या सरांचंच का? काल तिच्या मैत्रिणीसमोर म्हणाली. आणि माझ्या आईचंही खोटं ठरलं. आईला तर तिनं बघितलंपण नाही."

"मी तिला समजावतो."

"पानावर नका लिहू. तुमचं तिथं जे आहे ते असू दे. तिला एकटीला एक ओळ लिहा. एवढंच, की ह्याला मी ओळखतो, आणि ते त्यानं सांगितलेलं आहे. तिला एकटीला, काका."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. का नाही, याला मी पुष्कळ कारणं शोधली. सुट्टी संपून तो परत यान्बूला गेला असेल, आता ती विसरली असेल, मुद्दाम उकरून काढायला नको. दोन-तीनदा ती ओळ टाइप केली आणि पुसली. त्याचा पुन्हा फोन आला नाही. पाडव्याला मी शुभेच्छा पाठवल्या. त्या त्याने वाचल्या, हे दिसत होतं. असे आठ महिने गेले.

मग तिचा निरोप आला. 'सर, माझे बाबा गेले. यान्बूला कॅम्पात, शुक्रवारी सकाळी कपडे धुताना कोसळले. त्यांना घरी आणायला एकोणीस दिवस लागले. त्यांना तुमच्या गोष्टी इतक्या आवडायच्या की त्या त्यांना स्वतःच्याच वाटायच्या. तुमच्या गोष्टीत दर रविवारी भाग संपला की आई म्हणते, "आता सोड दांडो, सगळे घराक गेले." तुमची परवानगी असेल तर ती ओळ त्यांच्या फोटोखाली घालीन म्हणते.'

परवानगी मागितली होती. माझी.

मी तिला फोन केला. मुलगा आणि सून घरातच होते. त्यांना मी समोर बसायला सांगितलं, कारण एकटा असतो तर पुन्हा काहीतरी गोड बोलून मोकळा झालो असतो. तिला सगळं सांगितलं. कॉलम, त्याचं काम, माझं काम, कुठल्या गोष्टी त्याच्या, मी त्यात काय बदललं. तिने मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, हे सांगितलं. त्याने काय मागितलं होतं तेही सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे ते आत गेलेच नाहीत?"

"नाही."

"मोठ्या घराच्या ओटीवर?"

"कधीच नाही."

"हे त्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, चोरायची तर नीट चोरा, शेवट विसरलात."

माझ्या समोर मुलगा जमिनीकडे बघत होता.

"आणि ती ओळ?" तिने विचारलं. "सोड दांडो. ती आजीची आहे ना?"

मी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. पाण्याचं वाक्य त्याने सांगितलेलं, शेजाऱ्यांचंही, ते मला पक्कं आठवतं. पण ही ओळ त्याने आतून म्हटली होती की मी बागेतल्या बाकासारख्या कुठल्यातरी जागी बसून रचली, ते मला आठवेना. त्याच्याबरोबर राहून मला त्याची बोली लिहिता यायला लागली होती. मी डोळे मिटून त्याच्या आवाजात ती ओळ ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आली, पण माझ्या सगळ्याच ओळी मला आता त्याच्याच आवाजात ऐकू येत होत्या.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"हो म्हणाला असतात तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"तसं करता येणार नाही आता."

"आता," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की पानावर सगळं खरं लिहितो, त्याच्या नावासकट, गावासकट. ती लगेच नाही म्हणाली. "नाव नको. त्यांचं नाव तुमच्या पानावर नको. लोक पुन्हा हसतील नाहीतर रडतील. तुम्ही तुमचं लिहा." म्हणून इथे नाव नाही, त्याचं नाही, कुणाचंच नाही.

पानावर लिहिलं. माझं वय, माझा फोटो, सगळं. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. थोड्यांनी दिल्या. बहुतेकांनी लिहिलं, 'खरं बोलायला मोठं मन लागतं', 'काका, आमच्यासाठी तुम्हीच', 'गोष्ट कुणाची का असेना, आम्हाला आमचं बालपण मिळालं'. दम्मामचा तो इंजिनिअर भेटायला घरी येतो म्हणाला. एका दिवसात त्यांनी मला माफ करून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी जुन्या बिस्किटांच्या जाहिरातीचं विचारलं, त्यावर चर्चा सुरू झाली.

तिने त्याच्या फोटोखाली काय घातलं ते मी तिला विचारलं नाही. कॅम्पात त्याच्या खोलीत राहणाऱ्याने तो फोटो मला पाठवला. पांढऱ्या शर्टातला, इकाम्यासाठी, म्हणजे इथे राहायच्या परवान्यासाठी काढलेला. खाली नाव आणि दोन तारखा आहेत, दुसरं काही नाही. मी पानावर लिहिलेलं तिने वाचलं की नाही मला ठाऊक नाही. त्याआधीच ती पान सोडून गेली होती.